ओळख देणाऱ्याची सही

माझी आत्या डोंबिवलीहून आमच्याकडे यायला निघाली की तीन फोन करते. पहिला गाडीत बसल्याचा, दुसरा ठाण्याला उतरल्याचा आणि तिसरा रिक्षा माजिवड्याच्या नाक्यावर अडकल्याचा. यातला तिसरा फोन आजवर कधी चुकलेला नाही. घोडबंदरहून येणारे, नाशिककडे जाणारे आणि मुंबईतून सुटून आलेले असे सगळे जिथे एकमेकांना "आधी मी" असा आग्रह करतात, तेच आमचं माजिवडा. परवा मात्र आत्याचा चौथा फोन आला आणि आवाज वरच्या पट्टीतला होता.

"अरे, तुमच्या फाटकावरचा पोरगा मला कोड विचारतोय! मी म्हटलं, बाबा रे, मी त्याची सख्खी आत्या. बारशाला त्याच्या कानात नाव मी सांगितलंय. तर म्हणतो, ॲपमध्ये दिसत नाही."

झालं होतं असं, की आमच्या सोसायटीने फाटकावर एक ॲप बसवलं आहे. पाहुणा आला की वॉचमन त्याचं नाव मोबाइलवर टिपतो, ते यजमानाच्या मोबाइलवर उमटतं, यजमानाने होकाराचं बोट लावलं की फाटक उघडतं. त्या दिवशी नाव काही उमटेना. मी आत्याच्याच फोनवरून त्या पोराला सांगितलं, "अरे, सोड त्यांना वर." तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आप कौन?"

शेवटी मी चौदा मजले खाली उतरलो. आमची लिफ्ट यायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती आणि तिच्या डोळ्यांदेखत सामान पोचवणारी पाच पोरं आपापले आकडे म्हणून आत गेली. वर आल्यावर चपला काढायच्या आधीच तिने उलटतपासणी घेतली.

"त्या पोरांना तू ओळखतोस?"

"नाही."

"मला ओळखतोस?"

मी चहा टाकायला आत गेलो. माझ्या पाठीमागे ती सौभाग्यवतींना सांगत होती, "आमच्या वेळी 'कुणाचा रे तू?' एवढं विचारलं की भागायचं हो."

हे वाक्य मला लागलं. कारण मी बँकेतला कारकून आहे आणि "कुणाचा रे तू?" याच प्रश्नावर मी माझ्या नोकरीची पहिली वर्षं काढली आहेत.

मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो तो २००३ साली. तेव्हा खातं उघडण्याच्या अर्जाच्या तळाशी एक रकाना असे: "ओळख देणाऱ्याची सही". मी या अर्जदारास अमुक वर्षांपासून ओळखतो, असं आधीच्या एखाद्या खातेदाराने लिहून द्यायचं. त्याची सही आम्ही कार्डावरच्या नमुन्याशी ताडून बघायची आणि मग नव्या माणसाचे पैसे घ्यायचे. जगात पैसे देताना चौकशी करतात, आम्ही घेताना करीत होतो. याचं कारण १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये आहे. चोरीचा चेक एखाद्याने आपल्या खात्यात वटवून घेतला, तर बँकेला कलम १३१चं संरक्षण मिळतं, पण बँकेने निष्काळजीपणा केलेला नसेल तरच. अनोळखी माणसाला खातं उघडून देणं हा पहिला निष्काळजीपणा. म्हणून ती सही.

आमच्या शाखेसमोर एक वडापाववाला होता. निम्म्या शाखेची ओळख त्यानेच दिलेली. "किती वर्षांपासून ओळखता?" असं मी विचारलं की तो म्हणे, "तीन वर्षं. रोज दोन वडे, सुकी चटणी जास्त, उधारी नाही." यापेक्षा चांगला चारित्र्याचा दाखला कोणत्या विद्यापीठाने दिला आहे? एकदा त्याने ओळख दिलेल्या माणसाचे लागोपाठ तीन चेक परत गेले. कायद्याने वडापाववाल्यावर त्याची काही जबाबदारी नव्हती. तरी तो भर दुपारी, हाताला बेसन तसंच, माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. "साहेब, सही माझी होती," म्हणाला. मी त्याला कायदा समजावून सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुन्हा म्हणाला, "हां, पण सही माझी होती ना."

ही रीत बँकांनी शोधून काढलेली नाही, बरं का. बी.कॉम.ला आम्ही हुंडीचे प्रकार घोकले होते: दर्शनी, मुदती, धनीजोग, शाहजोग. परीक्षेला पाच मार्कांना येत, म्हणून घोकले. अर्थ कळायला कारकुनी करावी लागली. शाहजोग हुंडीचे पैसे मिळत ते फक्त 'शाह' माणसाला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्याला. पैसे देणारा कागद तर बघेच, पण कागद घेऊन आलेला कोण, तेही बघे. आणि हुंडी काय किंवा चेक काय, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणारा त्याच्या पाठीवर सही करतो. इंग्रजी 'एन्डॉर्समेंट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली 'पाठ' आहे आणि आपल्या 'पृष्ठांकना'तही पाठच आहे. या एका बाबतीत रोम आणि आपली सरकारी परिभाषा यांचं एकमत झालेलं दिसतं. कागद वटला नाही, तर पाठीवर सही करणारा प्रत्येक जण त्याच्या पुढच्या धन्याला बांधील. पाठ सह्यांनी भरली तर वेगळी चिठ्ठी चिकटवायची, पण सही टाळायची नाही.

अर्थात शाहसुद्धा बुडतात. १९६० साली केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाली, त्याच वर्षी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. नावात प्रत्यक्ष लक्ष्मी असून! तेव्हा कुठे सरकार हललं आणि १ जानेवारी १९६२पासून ठेवींच्या विम्याची व्यवस्था सुरू झाली. सुरुवातीला दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला हे कवच होतं, २०२०पासून ते पाच लाखांचं झालं. थोडक्यात, विश्वास माणसाच्या तोंडावरून उठला आणि शिक्क्यावर जाऊन बसला.

पुढे २०१२च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने सांगून टाकलं, की खातं उघडायला ओळख देणाऱ्याचा आग्रह धरू नका, माणसाची कागदपत्रं बघा. मला आधी वाईट वाटलं. मग एक बाई आठवली. गावाहून नुकती आलेली, बांधकामावर काम करणारी, हातात रेशनकार्ड. तिला ठाण्यात ओळखणारा एकच माणूस होता, तिचा मुकादम, आणि तिला पैसे लपवायचे होते ते नेमके त्याच्यापासून. मी तिला "ओळख घेऊन या" म्हणून परत पाठवली होती. ती पुन्हा आली नाही. "कुणाचा रे तू?" हा प्रश्न प्रेमळ खरा, पण तो ज्याला कुणी आहे त्याच्यासाठी. ज्याला कुणी नाही, त्याला तो फाटकावरच अडवतो, आणि तिथे प्लॅस्टिकची खुर्चीही नसते.

यंत्रांचं राज्य आलं ते असं. पण यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात एक माणूस असतो आणि ते वापरणारा निघतो दुसराच. एटीएमचं कार्ड बनवणाऱ्याने ठरवलं, की चार आकडे सगळ्या जगापासून लपवून ठेवायचे. आमच्या शाखेतल्या एक आजी काउंटरवर येऊन ते चार आकडे खणखणीत आवाजात सांगत, मागच्या रांगेला ऐकू जातील असे. "आजी, हा नंबर गुप्त ठेवायचा असतो," मी कुजबुजलो. आजी दुखावल्या. "तुमच्यापासून? मग तुम्ही कशाला बसलायत इथे?" त्यांच्या हिशेबी ज्याच्यावर विश्वास, त्याच्यापासून लपवणं हा अपमान. यंत्राच्या हिशेबी विश्वास ठेवणं हाच गाढवपणा. या दोघांच्या मध्ये काच होती आणि काचेमागे मी.

मग ऑर्कुट आलं. आजच्या पोरांना हे नाव सांगावं लागतं. २००४ साली गूगलमधल्या ऑर्कुट ब्युयुक्कोक्तेन नावाच्या तुर्की इंजिनिअरने ते सुरू केलं आणि स्वतःचंच नाव दिलं. (त्याने आडनाव दिलं नाही, हे त्याचे उपकार.) सुरुवातीला तिथे आधीच्या सभासदाच्या आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. मी सायबर कॅफेत बसून हे वाचलं आणि मला गहिवरून आलं. हा तर आमचा रकाना! पुढे बघतो तर मित्राने तुमच्याविषयी चार शब्द लिहायची सोय, म्हणजे शिफारसपत्र. आणि त्याहून कडी म्हणजे मित्रांनी तुम्हाला तीन गुणांत मार्क द्यायचे: विश्वासूपणाला हसरे चेहरे, रुबाबाला बर्फाचे खडे आणि मादकपणाला बदाम. मला विश्वासूपणाला पैकीच्या पैकी मिळाले. बाकीच्या दोन विषयांचा निकाल शाळेने राखून ठेवला.

अमेरिकेत सुरू झालेलं हे ऑर्कुट फोफावलं ते मात्र ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. ब्राझीलचं मला ठाऊक नाही, पण आपलं कारण मी चाळीत वाढल्यामुळे सांगू शकतो. तिथे कोणी कोणाच्या वहीत काय लिहिलं, ते वाटेने जाणाऱ्यालाही वाचता यायचं. पुढे तर तुमच्या पानावर कोण डोकावून गेलं, तेही दिसू लागलं. म्हणजे सामायिक गॅलरीच! चाळीत अनोळखी माणूस जिना चढला, की सात दारांतून सात माना बाहेर येत. त्या मानांचा जाच होता, आणि पहाराही तोच होता. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं, तेव्हा मला चाळ पाडल्यासारखं वाटलं.

तोवर मंडळी व्हॉट्सॲपवर राहायला गेली होती. २००९ साली ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी यान कूम हा सोव्हिएत काळातल्या युक्रेनमध्ये वाढलेला. फोनवर कोणी ऐकत असेल, या धाकात त्याच्या घरची माणसं मोकळेपणी बोलत नसत. अशा माणसाने बनवलेल्या यंत्रात पहिलं मोल कशाला असणार? कोणी ऐकू नये, याला. २०१६पासून तर तिथला प्रत्येक मजकूर कुलूपबंद झाला. पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याला, खुद्द कंपनीलाही, तो वाचता येत नाही. त्याच्या लहानपणाला हे उत्तर अगदी बरोबर होतं. पण ते आमच्या हाती आलं आणि आम्ही त्याची पुन्हा चाळ केली. 'सोसायटी परिवार', 'शाळेची १९९६ची बॅच', 'आमचं गोकुळ'. बंद खोलीतल्या कुजबुजीसाठी केलेलं यंत्र आम्ही अडीचशे माणसांच्या गॅलरीला जोडलं. फक्त या गॅलरीत माना बाहेर काढून बघणारं कोणी नव्हतं.

आता जे सांगायचं आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

२०१८च्या जून महिन्यात 'आमचं गोकुळ'वर मावशीकडून एक मजकूर आला. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, वेष भिक्षेकऱ्यांचा आहे, सावध राहा. मावशीने आयुष्यात कधी खोटं बोललेलं मला ठाऊक नाही. मी तो तसाच सोसायटीच्या गटावर पाठवला. खाली "काळजी घ्या" असंही लिहिलं. ते तेवढं माझं स्वतःचं वाङ्मय.

चारच दिवसांनी, रविवारी सकाळी, मी मासळी आणायला माजिवड्याच्या गावठाणाकडे गेलो. टॉवर उभे राहिले, कारखाने गेले, तरी गावठाण आपल्या जागी आहे. तिथे पंधरावीस माणसं एकाला घेरून उभी होती. भगवे कपडे, खांद्याला झोळी, हातात डमरू. एक जण मोबाइल पुढे करून त्याचा चेहरा ताडून बघत होता, आम्ही नमुन्याची सही ताडतो तसा. "कुठला तू?" "आधार दाखव." त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी धीट माणसासारखा तिसऱ्या रांगेत उभा होतो. कोणीतरी त्याची झोळी ओढली.

तेवढ्यात पाटीमागून एक म्हातारी कोळीण उठली. कोयता हातातच होता. "सोरा त्याला! यो दरसालचा हाय." बस, एवढंच. ती पुन्हा जाऊन पाटीमागे बसली आणि गर्दीची पांगापांग झाली. तो माणूस तिच्या पाटीशेजारी बराच वेळ बसून होता. कोणीतरी त्याला चहा दिला. मी दिलेला नाही.

त्यानंतर काही दिवसांतच १ जुलै आला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारे, तिथे आले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना मारून टाकलं. "दरसालचा हाय" म्हणून सांगणारं त्यांना तिथे कोणी भेटलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. माजिवड्याच्या त्या भिक्षेकऱ्याला ओळख देणारी म्हातारी होती, पण त्याला घेरणाऱ्या गर्दीला ओळख देणारा कोण होता? त्या गर्दीतले दोघे आमच्याच सोसायटीतले होते. त्यांच्या मोबाइलवरचा मजकूर माझा होता. तो मावशीच्या नावाने माझ्याकडे आला, माझ्या नावाने त्यांच्याकडे गेला, आणि प्रत्येकाने आधीच्याच्या तोंडाकडे बघून तो वटवला. "बँकेतले साहेब पाठवतायत, म्हणजे खरंच असणार." हुंडीही अशीच हातोहात जायची, पण तिच्या पाठीवर प्रत्येक हाताची सही असायची आणि सही म्हणजे भुर्दंड. इथे पत तेवढी पुढे जात होती, सही मागेच राहत होती. मावशीला कोणी पाठवलं, त्याला कोणी, मूळ धनी कोण, पाठ कोरी. वीस वर्षांच्या कारकुनीत असा कागद मी एक दिवस काउंटरवर ठेवून घेतला नसता.

यंत्रवाल्यांनाही त्याच महिन्यात जाग आली. १० जुलैपासून पुढे ढकललेल्या मजकुरावर तसा शेरा येऊ लागला. मग एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी अट त्यांनी आधी आपल्या देशात घातली आणि जानेवारी २०१९पासून ती साऱ्या जगाला लावली. एप्रिल २०२०मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं झालं. चांगलंच केलं. पण "फॉरवर्डेड" हा शेरा म्हणजे "हे मी लिहिलेलं नाही" एवढंच सांगणं. वडापाववाला याच्या नेमकं उलटं सांगत होता.

तो वडापाववाला आता थकला, गाडीवर मुलगा असतो. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत २०१६ साली आली, तेव्हा तो वैतागला होता. गिऱ्हाईक पडदा दाखवून निघून जायचं, पैसे आले की नाही कोण जाणे. मग ती बोलणारी डबी निघाली. "तीस रुपये प्राप्त झाले", असं ती रस्ताभर ओरडून सांगते. हिशेब कानात नको, चारचौघांत सांगा, हे आमचं मर्म कोणीतरी ओळखलं. मुलगा तळणीतून मान वर न काढता पुढचा वडा सोडतो. डबीचा आवाज बापासारखाच आहे, असं माझं आपलं मत.

मी सोसायटीच्या सभेत दोन सूचना मांडल्या. एक, फाटकावरच्या ॲपमध्ये 'ओळख देणारा' असा रकाना असावा आणि आतला कोणीही माणूस, कामवाल्या मावशीसुद्धा, त्यात सही करू शकाव्यात. दोन, गटावर काहीही पुढे पाठवताना खाली "मला हे कसं कळलं" ते लिहावं आणि आपलं नाव घालावं. पहिली सूचना अभ्यासासाठी समितीकडे गेली. दुसरीवर सेक्रेटरी म्हणाले, "मग गटावर काही येणारच नाही हो!" मी म्हटलं, "हो."

स्वतःपुरता मी तो नियम पाळतो. बोट लावायच्या आधी विचारतो, याच्या पाठीवर मी सही करीन का? परिणाम असा, की गेल्या वर्षभरात माझ्या हातून एकच मजकूर गेला: "उद्या पाणी येणार नाही. नळदुरुस्ती करणाऱ्या माणसाला मी स्वतः विचारलं आहे." खाली माझं पूर्ण नाव. सोसायटीने रात्री जागून बादल्या, पिंपं, पातेली, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या. आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं, ते नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आणि दुप्पट जोराने.

संध्याकाळी लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "काय साहेब, मजकूर तुमचाच ना?"

चौदा मजले जायचे होते. मी म्हटलं, "हो. सही माझी होती."

आत्याला हे फोनवर सांगितलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "बरं झालं. निदान कुणाला धरायचं ते तरी लोकांना कळलं. आणि हे बघ, रविवारी मी येतेय. खाली येऊन उभा राहा."